कंपनीनेच तसं बनवलंय

ट्रॅक्टरचं काय, सगळे सारखेच, असं तुम्ही म्हणाल. दांडा पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. शेंबडं पोरही सांगेल. पण या घरात जन्मलेल्या माणसाला विचारून बघा. इथे दांडा पुढे ढकलला की ट्रॅक्टर मागे जायचा आणि मागे ओढला की पुढे. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. ज्याच्या घरी घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, त्याला बाकी सगळं जग उशिरा आल्यासारखं वाटतं ना, तशातली गत.

ट्रॅक्टरचं नाव खोकली. इंजिन एकाच सिलेंडरचं. सुरू होताना आधी नुसती धापा टाकायची, मग खोकायची, मग इतकी खोकायची की शेडमधल्या कोंबड्या दारातून बाहेर पळायच्या. थोरली लहान असताना तिनेच हे नाव ठेवलं होतं. शेडमध्ये आणखी दोघं होते. एक हत्ती, लोखंडी चाकांचा, आजोबांच्या वेळचा. तो जागचा हलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण त्याच्या पोटाखाली अंडी मात्र रोज सापडायची. दुसरी चिमणी, अरुंद आणि बुटकी, फळझाडांच्या ओळींतून फिरायला घेतलेली. हत्ती आणि चिमणी चारचौघांसारखे सरळ होते. उलटी होती ती एकटी खोकली. आणि राबायची तीच, त्यामुळे घरातले सगळे गाडी शिकले ते तिच्यावरच.

मग व्हायचं ते झालं. थोरली लायसन्सच्या परीक्षेला गेली, साहेब म्हणाले "निघा", आणि बाईसाहेब मोठ्या ऐटीत निघाल्या त्या थेट मागे, साहेबांच्याच स्कूटरवर. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला. सासऱ्यांनी मोठ्या मानाने गाडी जरा पुढे घ्यायला सांगितली, तर याने मागच्या सगळ्या कुंड्या भुईसपाट केल्या. "मुलगा गुणी आहे," सासरे नंतर म्हणाले, "फक्त कुठल्या बाजूला निघेल त्याचा भरवसा नाही." आसपासचे लोक तर या जागेला 'उलट्यांचं शेत' असंच म्हणायचे.

बाबांना कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "अहो, ती जिथे बनली ना, तिथली माणसं आधी गोड खातात आणि मग जेवायला बसतात. कंपनीनेच तसं बनवलंय." तसलं दुसरं यंत्र दूरदूरपर्यंत कुणाकडे नव्हतं, त्यामुळे खरं-खोटं करणार कोण?

खोकली घरी आली तेव्हा थोरली नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि धाकटा पाळण्यात होता. बाबांनी ती कुणा परक्या माणसाकडून जुनी विकत आणली, थोडे दिवस चालवली, आणि पेरणी तोंडावर आलेली असताना गवताच्या गंजीवरून पडून उजवा हात मोडून घेतला. संकट कधी एकटं येत नाही म्हणतात. त्याच आठवड्यात खोकलीचा गिअर अडकून बसला. मिस्त्रीला निरोप धाडला, तर तो म्हणे महिनाभर हलू शकत नाही, सगळ्यांचीच यंत्रं याच दिवसांत मोडतात.

आई तोवर ट्रॅक्टरवर कधी बसलीही नव्हती. पण ती म्हणाली, "मी शिवणयंत्र अख्खं खोलते आणि जोडते. हे त्याचंच मोठं भावंड."

"अगं, हे म्हणजे..." बाबा म्हणाले.

"तुमचा एक हात मोडलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत. पाने कुठे आहेत तेवढं सांगा."

थोरलीला तो दिवस लख्ख आठवत होता. आईने जमिनीवर जुनी चादर अंथरली होती आणि निघेल तो बोल्ट तिच्यावर ओळीने मांडला होता. बाबा गळ्यात हात अडकवून पत्र्याच्या बादलीवर, बादली पालथी घालून, बसले होते. थोरली त्यांच्या मांडीवरून उतरून आईला पाने नेऊन द्यायची आणि परत येऊन बसायची. दांड्याखालून आईने एक मुठीएवढा लोखंडी तुकडा काढला, रॉकेलने धुतला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला आणि परत बसवला. झाकण लागलं. बाबांनी थोरलीला कडेला उभं केलं आणि डाव्या हाताने हँडल मारलं. खोकली खोकली.

"पुढे न्यायला काय करू?" आईने सीटवरून ओरडून विचारलं.

"दांडा पुढे ढकल!"

आईने ढकलला. खोकली सुसाट मागे गेली आणि बाबांची बादली तिने पोळपाटासारखी चपटी करून टाकली.

"चालली!" आई ओरडली. तिच्या नाकाला काळं लागलं होतं, केस सुटले होते, आणि ती अशी हसत होती की थोरलीने तिला तसं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "अहो, चालली! मी दुरुस्त केली!"

बाबांनी तोंड उघडलं. आईकडे बघितलं. तोंड मिटलं. मग परत उघडून म्हणाले, "हो की! अगं, सांगायचंच राहिलं बघ. हिचं उलटं असतं. कंपनीनेच तसं बनवलंय."

त्या दिवसापासून खोकली आईची झाली. तिने पेरणी केली, मळणी केली, अडलेल्यांच्या गाड्या चिखलातून ओढून काढल्या. घरात येईल त्याला ती सांगायची, "गिअर माझ्या हातचा आहे. आजतागायत झाकण उघडावं लागलेलं नाही." आणि ते खरंच होतं. कारण पुढे जे जे मिस्त्री आले, त्यांना बाबांनी बाकी सगळं करू दिलं, पण दांड्याजवळ हात गेला की ते गुरगुरायचे. "ते झाकण सोडायचं. ते माझ्या बायकोने बसवलंय." चपटी बादली त्यांनी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवली. हात बरा झाल्यावर स्वतः खोकलीवर बसले तेव्हा त्यांनी दोनदा फाटक तोडलं. "अरेच्चा, विसरलोच," म्हणायचे, आणि मुलं खदखदा हसायची. विसरले म्हणजे काय विसरले, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं. आई रडली नाही. चारचौघांत नाही आणि एकटी असतानाही नसावी, कारण डोळे कधी सुजलेले दिसले नाहीत. ती गप्प झाली एवढंच. शेडमध्ये पाऊल टाकेनाशी झाली. धाकटा सगळी कामं नव्या ट्रॅक्टरवर करायचा. खोकली आधीच कुरकुरत होती, आता उभी राहून राहून पार आखडली.

थोरलीचं शहरात चष्म्यांचं दुकान होतं आणि चौथ्या मजल्यावर घर. दर महिन्याला ती यायची आणि दर वेळी काहीतरी टिपून जायची. एकदा आईने भाजीत दोनदा मीठ घातलं. एकदा कपाटाच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात निघाल्या. सकाळी ती चहाचे दोन कप भरायची आणि दुसऱ्याकडे बघत बसायची. थोरलीला धडकी भरली. तिच्या मैत्रिणीच्या सासूचं असंच सुरू झालं होतं, आधी मीठ, मग किल्ल्या, मग एक दिवस घरचा रस्ताच सापडेना. तिने आपल्या घरातली एक खोली रिकामी केली, नवे पडदे लावले, आणि या खेपेला आईला घेऊनच जायचं असं ठरवून आली.

"तिथे मी काय करू?" आईने विचारलं. "लिफ्टमधून वर-खाली करू?"

"आई, हट्ट करू नकोस. तुला एकटीला..."

"एकटी कुठे? हा आहे, ही आहे." हा म्हणजे धाकटा, ही म्हणजे त्याची बायको. "हे बघ ताई, एकच सांगते. ज्या दिवशी मला खोकली चालवता येणार नाही ना, त्या दिवशी मी होऊन तुझ्या गाडीत येऊन बसेन. तोवर हा विषय नको."

थोरलीने मनात म्हटलं, वर्षभर तू तिला हातही लावलेला नाहीस.

इकडे धाकट्याचा वेगळाच बेत शिजला होता. त्याने आईच्या नकळत खोकली एका मिस्त्रीकडे पाठवली होती, ट्रकवर चढवून. नवे पाइप, नवी रिंग, रंगसुद्धा जुनाच, जरा गडद. आदल्या दिवशी दुपारी आई झोपलेली असताना मिस्त्रीने ती आणून दिली, आणि नेहमीसारखी नाक भिंतीकडे करून शेडमध्ये लावली. धाकटा तेव्हा बाजारात गेला होता. घरी आला आणि लहान मुलासारखा शेडभोवती घिरट्या घालत राहिला.

सकाळी त्याने आईचा हात धरून तिला शेडकडे नेलं. आई आधी नको नको म्हणत होती. मग रंग दिसला तशी थांबली. तिने बॉनेटवरून हात फिरवला, सीटच्या चिरेत बोट घातलं. चीर तशीच होती, धाकट्याने मुद्दाम ठेवायला लावली होती.

"सुरू होते?" तिने विचारलं.

"बस तर खरी!"

आई चढली. चढताना तिने कुणाचा आधार घेतला नाही आणि थोरलीला उगाच भरून आलं. धाकटा भिंत आणि खोकलीचं नाक यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरला, त्याने हँडल मारलं. एकदा, दोनदा. खोकलीने धापा टाकल्या, आणि मग अशी काही खोकली की हत्तीखालच्या कोंबड्या आरडाओरडा करत पळाल्या. आई हसली. वर्षभरात पहिल्यांदा. धाकटा हात पुसत पुसत बाजूने फिरून बहिणीशेजारी येऊन उभा राहिला.

आईने मान मागे वळवली, शेडच्या दाराकडे बघितलं, दांडा पुढे ढकलला आणि क्लच सोडला.

खोकली पुढे गेली. समोरची पत्र्याची भिंत कागदासारखी फाटली, एक खांब आडवा झाला, आणि धडाड आवाज करत खोकली पलीकडच्या खताच्या ढिगात नाक खुपसून बंद पडली.

"धाकटा कुठे आहे?" आईने किंकाळी फोडली. "कुठे आहे तो? समोर होता! समोर होता तो!"

"आई, मी इथेच आहे! हा काय, मागे!"

आईने वळून त्याच्याकडे बघितलं. मग खाली उतरली, या वेळी मात्र त्याचा खांदा धरून, आणि थेट घरात गेली. तिने हात धुतले. कोरडे केले. पुन्हा धुतले. मग माळ्यावरून प्रवासाची पिशवी काढायला लावली.

"आई, अगं होतं असं," धाकट्याची बायको काकुळतीला येऊन म्हणाली.

"होत नाही," आई म्हणाली. "इतकी वर्षं नाही झालं. तो क्षणभर जरी रेंगाळला असता तरी... नको. माझं डोकं गेलंय गं, आणि मला कळलंसुद्धा नाही. ताई, तुझ्याकडे येते मी."

झालं. थोरलीला हवं होतं ते मिळालं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगायचं तर थोडासा झालाही. मग स्वतःचाच राग आला. राग काढायला कुणीतरी हवं, म्हणून तिने मिस्त्रीला फोन लावला. ब्रेक नीट केले नव्हते का, एखाद्याचा जीव गेला असता म्हणजे, असं बरंच काही बोलली.

मिस्त्री गरीब माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ब्रेक एकदम फर्स्ट क्लास आहेत, ताई. क्लचही. उलट तुमचा एक जुना रोगही मी घालवून टाकला. दांडा पुढे टाकला की गाडी मागे जात होती, ठाऊक आहे ना? आत बघतो तर काय, दांड्याखालचा एवढासा तुकडा, कुणीतरी उलटा बसवलेला! सुलटा केला, झालं काम. त्याचं वेगळं काही लावलं नाही हां मी."

"पण ते तर कंपनीनेच तसं..."

"कंपनी?" मिस्त्री हसला. "कुठली कंपनी असं बनवेल? कुणातरी नवशिक्याचा हात आहे तो. पण बाकी बसवलं होतं काय पक्कं! बोल्ट काढताना माझा घाम निघाला."

थोरलीने फोन ठेवला आणि ती पायरीवर बसली. चादर. ओळीने मांडलेले बोल्ट. मुठीएवढा तुकडा, रॉकेलने धुतलेला. 'दांडा पुढे ढकल,' असं बाबाच म्हणाले होते, कारण तोवर खोकली पुढेच जात होती. मग बादली चपटी झाली, बाबांनी तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि मिटलं. कंपनी म्हणे! कंपनीचा काय संबंध? सांगायचंच राहिलं, म्हणाले. इतकी वर्षं राहिलंच.

धाकटा खताने माखलेला आला. तिने त्याला मिस्त्रीचं बोलणं सांगितलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "झाकणाला हात लावू नको हे सांगायलाच विसरलो मी. पण मग बरंच झालं की! आईला सांगून टाक. यंत्र बदललं होतं, तिचं डोकं ठणठणीत आहे."

"आणि मुळात उलटं कुणी बसवलं होतं असं तिने विचारलं तर?"

धाकट्याने तोंड उघडलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानेही तोंड मिटलं. बापाच्या वळणावर गेला होता अगदी.

आता आली का पंचाईत? गप्प बसावं तर आई उरलेला जन्म स्वतःला वेडी समजत चौथ्या मजल्यावर बसून काढणार. बोलावं तर जन्मभर जिचा तोरा मिरवला ती एकमेव दुरुस्ती तिच्या हातातून काढून घ्यायची, आणि वर सांगायचं की तुझ्या नवऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं बाबा नेहमी म्हणायचे. आता ती मूठ उघडायची कुणी, तर पोटच्या पोरीने! थोरलीला नवे पडदे आठवले. आई येते म्हणतेय, स्वतःच्या तोंडाने म्हणतेय. तिथे डॉक्टर जवळ आहे. आपण काही खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही एवढंच. बाबा नाही का बोलले! दुपारभर ती अशी स्वतःची समजूत घालत राहिली आणि स्वयंपाकघरात तीच तीच भांडी पुसत राहिली.

संध्याकाळी आईने पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. मग ती आतून एक गुंडाळी घेऊन आली. जुन्या चादरीच्या तुकड्यात बांधलेले पाने. तिने ते सुनेच्या हातात दिले.

"हे तुझ्याकडे राहू दे. चांगले आहेत, कुणाला देऊ नकोस. मला काय करायचेत आता?"

सूनबाईने पाने घेतले खरे, पण ते कसे धरायचे हेच तिला कळेना. ते बघून थोरलीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आई," ती म्हणाली. "खाली बस. मला तुला काहीतरी सांगायचंय."

"काय?"

"तुझं डोकं ठिकाणावर आहे. खोकली बदललीय. मिस्त्रीने गिअर सुलटा केला. आता दांडा पुढे ढकलला की ती पुढेच जाते. तू चुकली नाहीस. तू नेहमी करतेस तेच केलंस."

आई खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी जीव परत आला, हे तिघांनाही दिसलं. मग कपाळाला आठी पडली.

"सुलटा केला म्हणजे? तो तसाच होता. कंपनीनेच..."

"कंपनीने नाही, आई."

आईने आपले हात उलटेपालटे करून बघितले.

"तो तुकडा," ती हळूच म्हणाली. "दांड्याखालचा. धुतला होता मी."

"हो."

"मी उलटा बसवला?"

"हो, आई."

"आणि ह्यांना..." ती थांबली. तिने दाराबाहेर शेडकडे बघितलं, आणि एकदम उठून चालू लागली. तिघंही मागोमाग. फाटलेल्या भिंतीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. आईने खिळ्यावरची चपटी बादली काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"पुढे ढकल म्हणाले होते," ती म्हणाली. "मीच विचारलं होतं, आणि हे म्हणाले होते पुढे ढकल. माझ्या कधी लक्षातच आलं नाही."

थोरली पुढे व्हायला गेली, तोच आईचा आवाज चढला.

"अरे माणसा!" जन्मभर ज्याला 'अहो' म्हटलं, त्याला ती बादलीकडे बघून 'अरे' म्हणत होती. "अरे, तुला तोंड नव्हतं का? अख्ख्या घराला उलटं शिकवलंस! ही पोरगी त्या साहेबाच्या स्कूटरवर गेली! ह्याने कुंड्या फोडल्या! लोक आपल्याला उलटे म्हणाले, आणि तू दात काढून हसत बसलास! मी येईल-जाईल त्याला सांगायची, माझ्या हातचं काम, माझ्या हातचं काम, आणि तू शेजारी बसून मान हलवायचास! स्वतः फाटक तोडलंस दोनदा! अरे, एक शब्द... एक शब्द बोलला असतास तर मी मेले असते का?"

ती रडत होती. आणि रडता रडता मध्येच हसत होती, फाटकाची आठवण आली की हसायची, की पुन्हा रडायची. वर्षभराचं साठलेलं सगळं त्या चपट्या बादलीत पडत होतं. थोरलीने तिला धरलं. मीठ, किल्ल्या, दोन कप, सगळं एकामागोमाग थोरलीच्या डोळ्यांपुढून गेलं. बाबांना भाजीत वरून मीठ लागायचं. बाबा किल्ल्या हरवायचे म्हणून आई त्या पिठाच्या डब्यात लपवायची. दुसरा कप तर त्यांचाच होता. हात वर्षानुवर्षं जिकडे जायचे तिकडेच जात होते, आणि आपण त्याला आजार म्हणत होतो. तिला स्वतःची लाज वाटली, आणि आईसारखीच तीही रडली.

रडं ओसरल्यावर धाकटा घसा खाकरून म्हणाला, "आई, मी उद्याच मिस्त्रीला बोलावतो. तुकडा होता तसा परत उलटा करायला सांगतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

"खबरदार!" आई म्हणाली. तिने नाक पुसलं. "त्या माणसाला चांगलं येत होतं. ते विसरून उलटं शिकला तो. माझ्यासाठी. हात मोडलेला असताना. आणि मला सुलटं शिकता येणार नाही होय? समजलास काय तू मला?"

पिशवी रात्रभर दाराशीच होती. सकाळी थोरलीने बघितलं तर ती रिकामी होऊन माळ्यावर गेली होती, आणि पाने सुनेकडून परत आले होते.

धाकट्याने नव्या ट्रॅक्टरने ओढून खोकली अंगणात आणली. तिच्या नाकाला खत लागलं होतं, नवा रंग खरवडला होता, पण बाकी काही बिघडलं नव्हतं. समोर सगळं शेत मोकळं होतं. आईने डोक्याला रुमाल बांधला आणि ती चढून बसली. धाकट्याने हँडल मारलं, आणि या वेळी तो कुणी न सांगता चांगला लांब जाऊन उभा राहिला.

"आई, सावकाश," थोरली म्हणाली. तिची गाडी फाटकापाशी तयार उभी होती, शेजारची सीट रिकामी. ते बघून तिला वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं.

"पुढे न्यायला काय करू?" आईने खोकलीच्या आवाजावर ओरडून विचारलं. तिला काय ते माहीत नव्हतं थोडंच! पण तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघत थांबली.

थोरलीने तोंडाभोवती दोन्ही हात धरले. "दांडा पुढे ढकल!" ती ओरडली.

आईने दांडा पुढे ढकलला. आणि मग, सवय ती सवय, तिने मान मागे वळवली. खोकली खोकत खोकत पुढे निघाली, आणि आई मागे बघत होती, अंगणाकडे, शेडकडे, खिळ्यावर परत टांगलेल्या त्या बादलीकडे.

"आई, पुढे बघ!"

"बघते गं," आई म्हणाली, आणि तिने मान पुढे वळवली.